इन्सुलिन सुरू केलं की डोळे जातात का?

"इन्सुलिन लागलं की डोळे गेलेच समज." साताऱ्यात काय किंवा सांगलीत काय, घरात शुगरचा पेशंट असेल तर हे वाक्य कुणी ना कुणी ऐकवतंच. मग डॉक्टरांनी दिलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये तसंच पडून राहतं. पण खरं काय आहे?

डोळ्यात नेमकं काय होतं?

डोळ्याच्या मागच्या पडद्याला, म्हणजे रेटिनाला, भरपूर ऑक्सिजन लागतो. वर्षानुवर्षं शुगर वाढलेली राहिली की पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात, काही बंद पडतात. ऑक्सिजन कमी पडलेला पडदा 'व्हीईजीएफ' नावाचं प्रथिन सोडतो. त्यामुळे नव्या रक्तवाहिन्या फुटतात, पण त्या कच्च्या असतात. त्या फुटल्या की डोळ्यात रक्तस्राव होतो. हीच डायबेटिक रेटिनोपॅथी. सुरुवातीला ना दुखतं, ना अंधुक दिसतं.

मग इन्सुलिनवर आळ का?

टाइप २ मधुमेहात इन्सुलिन बहुतेकदा उशिरा सुरू होतं. तोवर पडदा आधीच खराब झालेला असतो, आणि दोष जातो इन्सुलिनला.

पण या भीतीत थोडं तथ्यही आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या टाइप १ च्या १,४४१ रुग्णांवर 'डीसीसीटी' हा मोठा अभ्यास झाला. त्यात शुगर कडक नियंत्रणात आणलेल्या सुमारे १३ टक्के रुग्णांची रेटिनोपॅथी पहिल्या वर्षात वाढली. नेहमीच्या उपचारात हे प्रमाण सुमारे ८ टक्के होतं. इन्सुलिनमुळे 'आयजीएफ-१' हा वाढीचा घटक वाढतो आणि तो व्हीईजीएफला साथ देतो, हे त्यामागचं एक संभाव्य कारण मानलं जातं.

पुढचं चित्र मात्र उलटं होतं. १९९३ मध्ये आलेल्या निकालांनुसार, सुरुवातीला डोळे चांगले असलेल्यांमध्ये कडक नियंत्रणामुळे रेटिनोपॅथी होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला.

मग करायचं काय?

इन्सुलिन मनाने बंद करू नका. सुरू करण्याआधी पडदा तपासून घ्या. टाइप २ असेल तर निदान झाल्याबरोबर आणि त्यानंतर साधारण दरवर्षी ही तपासणी हवी. साताऱ्याचं, सांगलीचं सिव्हिल किंवा जवळचे नेत्रतज्ज्ञ, कुठेही जा, पण फक्त चष्म्याचा नंबर काढून परतू नका. थेंब टाकून पडदा बघायला सांगा. थेंबांनंतर काही तास अंधुक दिसतं, त्यामुळे गाडी चालवायला कुणाला तरी सोबत न्या.

आजार वेळेत सापडला तर लेझर आणि व्हीईजीएफला रोखणारी इंजेक्शनं नजर वाचवू शकतात.