अनंतवात, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया आणि वैद्याचे काम

एक दाढ काढली, मग शेजारची काढली, तरी कळ थांबत नाही, अशी तक्रार घेऊन येणारा रुग्ण अंधेरी परिसरातील वैद्यांना अपरिचित नाही. बहुधा वय पन्नाशीच्या पुढचे असते, स्त्रियांचे प्रमाण अधिक. एका गालावर पदर किंवा ओढणी धरलेली असते आणि प्रश्नांची उत्तरे ओठ शक्य तितके कमी हलवून दिली जातात. स्थानकाच्या पुलावरचा वारा, लोकलच्या दारातून येणारा झोत, वर्सोव्याकडून येणारी खारी हवा, सीप्झमधील कार्यालयाचे किंवा २०१४ साली सुरू झालेल्या मेट्रोच्या डब्याचे वातानुकूलन, यांपैकी काहीही या रुग्णाला पुरेसे असते. गालाला वारा लागतो आणि विजेचा धक्का बसावा तशी कळ जबड्यातून किंवा नाकाच्या बाजूने सणकून जाते. काही सेकंदांत सारे शांत होते. पुढची कळ केव्हा येईल या भीतीने मात्र तो माणूस बोलणे, जेवणे, दात घासणे, तोंड धुणे, पुरुष असल्यास दाढी करणे, एकेक करून सोडीत जातो.

आधुनिक वैद्यकात यास ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. फ्रेंच शल्यचिकित्सक निकोला आंद्रे यांनी १७५६ मध्ये या व्याधीचे वेगळेपण नोंदविले. पाचव्या शीर्षण्य नाडीच्या तीन शाखा चेहऱ्यावर पसरतात: कपाळ व डोळा, गाल व वरचा जबडा, आणि खालचा जबडा. खालच्या दोन शाखांत शूल अधिक आढळतो, उजव्या बाजूस किंचित अधिक. बहुसंख्य रुग्णांत ही नाडी मस्तिष्ककांडातून बाहेर पडते तेथेच एखादी धमनी तिला चिकटून दाबत असते. धमनीच्या सततच्या स्पंदनाने नाडीवरील आवरण झिजते आणि मग गालावरच्या साध्या स्पर्शाची संवेदनाही वेदना होऊन वर जाते. वॉल्टर डँडी यांनी १९३० च्या दशकात शस्त्रक्रियेच्या वेळी हा दाब पाहिला. पुढे पीटर जॅनेटा यांनी धमनी व नाडी यांच्यामध्ये लहानशी गादी ठेवून दाब दूर करण्याची शस्त्रक्रिया रूढ केली.

मुंबईत या व्याधीचे नाव सामान्य माणसाच्या तोंडी आले ते २०११ मध्ये, अभिनेते सलमान खान यांनी त्यासाठी अमेरिकेत शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हा. २०२५ साली काजोल व ट्विंकल खन्ना यांच्या मुलाखतीच्या कार्यक्रमात त्यांनी त्या दिवसांविषयी सांगितले. ‘पार्टनर’ या २००७ च्या चित्रपटाच्या चित्रीकरणात सहअभिनेत्रीने चेहऱ्यावरची एक बट बाजूला केली आणि कळ उठली. पुढे सकाळचे ऑम्लेट खाण्यास दीड-दीड तास लागू लागला. वलयांकित व्यक्तीची हकीकत म्हणून ती वाचून सोडून देण्याजोगी नाही. केसाच्या बटेचा स्पर्श आणि दीड तासाची न्याहारी या दोन गोष्टींत व्याधीचे निदानही आहे आणि त्याचे परिणामही आहेत. आम्हास येथे मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीविषयी, म्हणजे अन्नाविषयी, लिहावयाचे आहे. पण त्याआधी ग्रंथांकडे वळणे आवश्यक आहे.

ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणजे अनंतवात, असे समीकरण आपल्या पाठ्यपुस्तकांतून आणि परिसंवादांतून इतके रुळले आहे की मूळ वर्णन पुन्हा उघडून पाहण्याची गरज वाटेनाशी झाली आहे. सुश्रुतांनी उत्तरतंत्राच्या पंचविसाव्या अध्यायात अकरा शिरोरोगांत अनंतवाताची गणना केली आहे. चरकांनी सिद्धिस्थानाच्या नवव्या अध्यायात शंखक, अर्धावभेदक व सूर्यावर्त यांच्यासमवेत त्याचे वर्णन केले आहे. दोघांच्या मते हा त्रिदोषज आहे. वेदना मानेच्या मागील बाजूस सुरू होते, डोळे, भुवया व शंखप्रदेश येथे स्थिरावते, गालाच्या बाजूस स्पंदन होते, हनुग्रह होतो आणि नेत्ररोग उद्भवतात. गालाचे स्पंदन व हनुग्रह यांचे साम्य खरेच लक्षवेधी आहे; कळ आली की रुग्णाचा चेहरा क्षणभर आकसतो हे आपण पाहतो. परंतु ट्रायजेमिनल न्यूराल्जिया मानेपासून सुरू होत नाही आणि त्याने नेत्ररोगही होत नाहीत. उलटपक्षी चरकोक्त अर्धावभेदकात शस्त्राने कापल्यासारखी, अरणीने घुसळल्यासारखी अर्ध्या बाजूची तीव्र वेदना आहे, आणि हेतूंमध्ये पूर्वेचा वारा व दव आहेत. लोकलच्या दारात उभ्या राहणाऱ्या रुग्णाचे वर्णन तेथे अधिक जुळते, असे कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाही.

हा शब्दच्छल नव्हे. अनंतवात हे नाव उच्चारले की तपासणी संपली, अशी सवय जडते आणि तिचा धोका रुग्णास सोसावा लागतो. साठीच्या पुढचा रुग्ण चावताना जबडा दुखतो म्हणाला, शंखप्रदेशी स्पर्श सहन होत नाही म्हणाला, आणि दृष्टी मधूनच अंधुक होते म्हणाला, तर ग्रंथातील अनंतवाताशी ते चित्र न्यूराल्जियापेक्षा अधिक जुळेल. पण तो शंखप्रदेशीच्या धमनीचा दाह असू शकतो. अशा रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठविले नाही तर दृष्टी कायमची जाऊ शकते. कपाळावर सतत जळजळ असेल आणि काही आठवड्यांपूर्वी तेथे नागीण होऊन गेली असेल, तर तो शूल निराळा. कळेसोबत एका डोळ्यातून पाणी व डोळ्याची लाली असेल, तर तोही निराळा. आणि वय चाळीसच्या आत असेल, दोन्ही बाजूंना कळा असतील, चेहऱ्याचा भाग बधिर झाला असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर एमआरआय झाल्याशिवाय कोणतेही नाव देऊ नये. त्यामागे अर्बुद किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस असू शकतो.

शुद्ध न्यूराल्जियाची ओळख पहिल्याच भेटीत होऊ शकते, त्यास केवळ दहा मिनिटे लागतात. कळ किती वेळ टिकते हे सेकंदांत विचारावे. ती कशाने उठते हे विचारावे. दोन कळांच्या मध्ये गाल पूर्ण शांत असतो का, हे विचारावे. कापसाच्या बोळ्याने दोन्ही गालांची संवेदना तपासावी, दुखऱ्या बाजूस मात्र परवानगी घेऊन. दातांचे दुखणे ठणकते, तासन्‌तास राहते, रात्री झोपमोड करते. न्यूराल्जियाची कळ झोपेत सहसा येत नाही. एवढी विचारपूस वेळीच झाली असती तर कित्येकांच्या निरोगी दाढा वाचल्या असत्या.

आता अन्नाविषयी. चरकांनी अनंतवाताचे हेतू सांगताना उपवास, अतिशोक, आणि अतिरूक्ष, अतिशीत व अल्प भोजन यांचा उल्लेख केला आहे. हे हेतू रोग होण्यापूर्वीचे म्हणून आपण पाठ करतो. पण या रुग्णाच्या घरी काय चालले आहे ते पाहावे. चावले की कळ येते, म्हणून तो चावत नाही. गरम घास सोसत नाही म्हणून थंड खातो. पोळी सोडतो, भाजी सोडतो, चहात बुडविलेल्या टोस्टवर दिवस काढतो. भीतीने झोप जाते, माणसांत जाणे बंद होते, मन खचते. म्हणजे अल्प, रूक्ष, शीत भोजन आणि शोक हे सारे हेतू रोग स्वतःच निर्माण करतो आणि वात पुन्हा वाढतो. वजन सहा महिन्यांत बरेच उतरलेले असते. नाडीवरचा धमनीचा दाब आपल्या औषधाने दूर होतो असा दावा आम्ही करणार नाही. हे चक्र मात्र आपण निश्चित तोडू शकतो, आणि ते तोडण्याचे काम वैद्याइतके दुसरे कोणी करीत नाही.

सुश्रुतांनी अनंतवातात सूर्यावर्ताचा विधी व सिराव्यध सांगून लगेच आहार सांगितला आहे: वातपित्तनाशक, आणि त्यात मधुमस्तक, संयाव व घृतपूर ही पक्वान्ने. शिरोरोगाच्या चिकित्सेत पक्वान्नांची नावे का, असा प्रश्न विद्यार्थिदशेत पडतो. चावण्याचे श्रम न पडता स्निग्ध, मधुर, बल्य अन्न पोटात जावे, हा त्याचा सरळ अर्थ आम्ही घेतो. आजच्या स्वयंपाकघरात त्याची जागा साजूक तुपातला मऊ सांजा, शेवयांची खीर, तूप-मीठ घातलेला गुरगुट्या भात, मुगाचे कढण यांनी घ्यावी. मधुमेह असल्यास गोड वगळून कढण व पेज. सारे कोमट, ना कढत, ना गार. घास दुखऱ्या बाजूस जाऊ न देता, थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा. कळा कमी असण्याची वेळ रुग्णास ठाऊक असते, मुख्य आहार त्या वेळी द्यावा. दर भेटीस वजन करावे आणि कागदावर लिहावे. दात घासणे बंद झालेले असते, म्हणून कोमट तिळतेलाचा गंडूष, चूळ न खुळखुळविता नुसता धरून ठेवण्याचा, मुखस्वास्थ्यासाठी उपयोगी पडतो.

स्नेहनस्वेदनाविषयी एक सावधानता. नस्यापूर्वी मुखाभ्यंग व स्वेद हा आपला नित्यक्रम आहे. या रुग्णात तोच कळ उठवितो. कळा जोरात असताना त्या बाजूस हात लावू नये. मान, खांदे, पादाभ्यंग यांवर थांबावे. क्षीरबला किंवा अणुतैलाचे नस्य कळा ओसरल्यावर, कोमट, अल्प मात्रेत द्यावे. शिरोरोगात भुवया, ललाट व शंख येथे दहन सुश्रुतांनी सांगितले आहे हे खरे, आणि आधुनिक शल्यचिकित्सक नाडीच्या गंडिकेस सुईवाटे उष्णता देऊन वेदना थांबवितात हेही खरे. दोन्हींत साम्य दिसते म्हणून एखाद्याने उत्साहाने डोळ्याजवळ शलाका तापवावी, असे मात्र होऊ नये.

यशाचा दावा करण्यापूर्वी या व्याधीचा एक स्वभाव लक्षात ठेवावा. कळा आपोआप थांबतात, महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही, आणि पुन्हा येतात. थांबण्याच्या वेळी जे औषध चालू असेल त्याला श्रेय मिळते. आमच्या मते एखाद्या कल्पाचा अनुभव सांगताना रुग्णास पूर्वी असे विराम आले होते काय, आणि कार्बामाझेपीन चालू होते काय, हे दोन्ही न सांगणारा अनुभव प्रसिद्ध करू नये.

कार्बामाझेपीन हे या शूलातील पहिले औषध. १९६० च्या दशकापासून वापरात आहे आणि बहुसंख्य रुग्णांत आरंभी उत्तम काम करते. ‘इंग्रजी गोळ्या बंद करा, मग आमचे सुरू करू’ हे वाक्य या रुग्णास कधीही ऐकवू नये. गोळी एकदम थांबली की कळा उसळतात. ज्यांनी ती लिहून दिली त्यांच्याच सल्ल्याने ती कमी व्हावी. आपण मात्र तीन गोष्टींवर लक्ष ठेवावे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत अंगावर पुरळ, तोंडात व्रण वा ताप आला तर पित्तप्रकोप समजून घरी ठेवू नये, तत्काळ रुग्णालयात पाठवावे; ती जीवघेणी त्वचाविकृती असू शकते. वृद्ध रुग्ण सुस्त, गोंधळलेला, तोल जाणारा झाला तर रक्तातील सोडियम तपासावे, कारण हे औषध आणि ऑक्सकार्बाझेपीन दोन्ही ते उतरवितात. अशा रुग्णास अळणी पथ्य सांगणे घातक ठरेल. तिसरी गोष्ट आपल्या कपाटातील. मिरी व पिंपळीतील पाइपरीन कार्बामाझेपीनची रक्तातील पातळी वाढविते. त्रिकटू असलेले कल्प आपण सहज देतो, मग भोवळ व तोल जाणे सुरू होते आणि दोष मूळ गोळीच्या माथी जातो. देणे आवश्यकच असेल तर तज्ज्ञांस कळवून द्यावे.

औषधविक्रेत्या बंधूंचा येथे मोठा वाटा आहे. अंधेरीत एकाच दुकानात एका फळीवर महावातविध्वंसन रस आणि दुसऱ्या फळीवर कार्बामाझेपीन असते. ही गोळी साधी आणि सावकाश विरघळणारी अशा दोन प्रकारांत मिळते. चिठ्ठीवरील प्रकार शिल्लक नाही म्हणून दुसरा देऊ नये. नेहमीचा रुग्ण असल्यास महिनाअखेरीस साठा राखून ठेवावा, कारण दोन दिवसांचा खंडही त्यास महाग पडतो. दातदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या वारंवार नेणारा, गाल झाकून बोलणारा गिऱ्हाईक दिसला तर त्यास वैद्याकडे पाठवावे. या शूलात साध्या वेदनाशामकांचा उपयोग नसतो, जठराची व वृक्कांची हानी मात्र होते. वत्सनाभयुक्त रसकल्प चिठ्ठीशिवाय देऊ नयेत, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी, पण ते आम्ही सांगून ठेवतो.

गोळ्यांनी भागेनासे झाले किंवा त्यांचे उपद्रव सोसवेनात, तर शस्त्रक्रियेचे मत घेण्यास विलंब करू नये. कूपर रुग्णालय जवळ आहे. मज्जाशल्यचिकित्सेसाठी परळचे केईएम आहे. ऐपत असणाऱ्यांस चार बंगल्याजवळ व इतरत्र खासगी रुग्णालये आहेत. रुग्ण ‘जगणे नको’ असे बोलला तर ते त्राग्याचे म्हणून सोडू नये; कुटुंबीयांस विश्वासात घेऊन त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. पाठविताना सोबत पत्र द्यावे. त्यात बाजू कोणती, कळ कोठून कोठे जाते, किती सेकंद टिकते, कशाने उठते, पहिली कळ कोणत्या महिन्यात आली, मध्ये विराम किती आले, कोणत्या दाढा काढल्या गेल्या, वजन किती उतरले आणि कार्बामाझेपीन किती मिलिग्रॅम चालू आहे, हे लिहावे. त्याखाली आपण दिलेल्या प्रत्येक कल्पाचे नाव, मात्रा व घटकद्रव्ये, समोरच्यास वाचता येईल अशा अक्षरात.