क्यू ते दान : शोतोकान कराटेतील श्रेणीक्रम

ओकिनावा बेटावर एकोणिसाव्या शतकात कराटे शिकवले जाई तेव्हा पट्ट्याचा रंग किंवा परीक्षा हे प्रगतीचे माप नव्हते. काल्पनिक प्रतिस्पर्ध्यांशी झुंजण्याच्या ठरावीक हालचालींची मालिका, म्हणजे ‘काता’, गुरू वर्षानुवर्षे घोटवून घेत आणि पुढचा काता केव्हा द्यायचा हे तेच ठरवीत. श्रेणींची पद्धत कराटेत आली ती ज्युदोकडून. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी १८८३ मध्ये दोन शिष्यांना पहिली ‘दान’ श्रेणी दिली होती, आणि १९२२ मध्ये ओकिनावाहून तोक्योला आलेल्या गिचिन फुनाकोशी यांनी तीच पद्धत स्वीकारून १९२४ मध्ये आपल्या निवडक शिष्यांना, ज्यांत पुढे वादो-र्‍यू शैली स्थापणारे हिरोनोरी ओत्सुका होते, कराटेतील पहिल्या दान श्रेणी बहाल केल्या.

काळ्या पट्ट्याआधीच्या श्रेणी म्हणजे ‘क्यू’. त्या नवव्या किंवा दहाव्यापासून उतरत्या क्रमाने पहिलीपर्यंत येतात, तर दान पहिलीपासून चढत जातात. मधले रंग संस्थेगणिक बदलतात, बहुतेक ठिकाणी शेवटच्या तीन क्यू तपकिरी असतात. पण फुनाकोशींपासून चालत आलेल्या शोतोकान शैलीचा खरा कणा रंगांत नसून अभ्यासाच्या क्रमात आहे. परीक्षेचे तीन भाग असतात : किहोन, म्हणजे मूलभूत ठोसे, लाथा, बचाव व पवित्रे, काता, आणि कुमिते, म्हणजे जोडीदाराशी झुंज.

कातांचा आरंभ पाच ‘हेआन’ कातांनी होतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी आन्को इतोसू यांनी ओकिनावातील शाळकरी मुलांसाठी ते ‘पिनान’ या नावाने प्रचारात आणले. फुनाकोशींनी नाव बदलले आणि पहिल्या दोन कातांची अदलाबदल करून सोपा काता आधी ठेवला. साधारणपणे एकेका क्यूला एकेक हेआन पुरा झाल्यावर तिसऱ्या क्यूपाशी ‘तेक्की शोदान’ येतो, आणि या क्रमातील सर्वांत विचारपूर्वक ठेवलेली पायरी हीच म्हणावी लागेल. घोडेस्वाराच्या बैठकीसारखा रुंद पवित्रा न सोडता हा संपूर्ण काता एकाच आडव्या रेषेत करायचा असतो. हेआनमध्ये पुढे झेपावणाऱ्या पावलाने ठोशाला जे बळ मिळते ते येथे मिळत नाही, म्हणून ते कमरेतून आणि पोटातूनच निर्माण करावे लागते. त्यानंतरच ‘बास्साई दाई’सारखे मोठे काता हाती येतात. कुमितेतही हाच संयम दिसतो : आधी पाच पावलांचा, मग एका पावलाचा ठरलेला हल्ला, पुढे लक्ष्य घोषित करून पण अंतर व क्षण स्वतः निवडून केलेला हल्ला, आणि अखेरीस मुक्त झुंज.

पहिल्या दाननंतर दुसऱ्या दानसाठी सामान्यतः किमान दोन वर्षे आणि तिसऱ्यासाठी आणखी तीन वर्षे सराव अपेक्षित असतो. ही प्रतीक्षा औपचारिक नाही, कारण परीक्षक नवा काता पाहतात तसेच जुन्या हेआनमधील वळण, श्वास आणि मागच्या पायाची टाच यांचीही तपासणी करतात. म्हणूनच शुल्क भरणाऱ्या प्रत्येकाला दर तीन महिन्यांनी उत्तीर्ण करणारा वर्ग पट्टा देतो, परंतु तो मिळवून देणारा सराव देत नाही.

वरच्या दान श्रेणींबाबत मात्र शोतोकान परंपरेतच एकमत नाही. जपान कराटे असोसिएशनसारख्या संस्था पाचव्या दानच्या पुढेही श्रेणी देतात आणि तेथे अध्यापन व योगदान यांना अधिक वजन येते, तर फुनाकोशींच्या शिष्यांचीच शोतोकाई ही शाखा पाचवे दान हीच सर्वोच्च श्रेणी मानते.