शरदातील पाहुणा

भाद्रपद सरत आलेला असतो. गणपतीचे विसर्जन होऊन चार-सहा दिवस झालेले असतात आणि चौकातील मांडवाचे बांबू उतरवण्याचे काम चाललेले असते. पावसाची एखादी सर अजून येऊन जाते. पण तिच्यात आषाढाचा जोर उरलेला नसतो. घरोघरच्या छत्र्या कोपऱ्यात जाऊन बसतात. गच्चीवर गोधड्या वाळत पडतात. मुंबईसारख्या मोठ्या शहरात ऋतू पालटल्याच्या खुणा अशा घरातल्या वस्तूंवरून ओळखाव्या लागतात. खेड्यात पिवळी पडू लागलेली भातशेते हे काम करतात. शहरात ती कोठून आणावी?

परंतु निसर्ग शहराला विसरत नाही. याच सुमारास एखाद्या सकाळी मैदानाच्या ओल्या हिरवळीवर, नाहीतर चाळीच्या गच्चीवर साचलेल्या पाण्याच्या काठी, एक चिमुकला पाहुणा उतरतो. अंगाने तो चिमणीहून थोडा सडपातळ असतो, शेपटी मात्र चांगली लांब असते. चिमणी दोन्ही पायांनी टुणटुण उड्या मारते. हा एकामागून एक पाऊल टाकीत तुरुतुरु धावतो. मध्येच थांबतो, एखादा किडा टिपतो आणि थांबला, की शेपटी खालीवर हलवतो. पाण्याकाठी दगडावर कपडे आपटावेत, तशी ती शेपटी एकसारखी खाली-वर होत राहते. म्हणूनच आपल्या लोकांनी या पक्ष्याला ‘परीट’ किंवा ‘धोबी’ असे नाव दिले. पांढरा, करडा आणि पिवळा असे त्याचे निरनिराळे प्रकार आहेत. करड्या परिटाची पाठ राखी आणि पोटाकडील भाग पिवळा असतो. पांढऱ्या परिटाचा चेहरा पांढरा असून छातीवर काळा पट्टा असतो. पांढऱ्या भुवयांचा एक मोठा काळापांढरा परीट बारा महिने आपल्याकडेच राहतो. तो मात्र पाहुणा नव्हे.

हा पाहुणा येतो तरी कोठून? करडा परीट हिमालयातील ओढ्यांच्या काठी आणि त्याही पलीकडील प्रदेशांत घरटे बांधतो. पांढरे परीट हिमालय, मध्य आशिया आणि सैबेरिया येथून येतात. तिकडे उन्हाळ्यात दिवस मोठा असतो व किडेही विपुल असतात. पिले वाढवण्यास तोच काळ सोयीचा. पण उन्हाळा ओसरून शरद आला, की दिवस लहान होऊ लागतो, किडे दिसेनासे होतात आणि पुढे बर्फ पडणार असते. किडे खाऊन जगणाऱ्याने तेथे राहून काय करावे? म्हणून परीट दक्षिणेची वाट धरतो. आपल्याकडे तर पावसाने भिजलेली जमीन किड्यांनी भरलेली असते. तिकडचा उन्हाळा संपल्याची वर्दी अशा रीतीने आपल्या गच्चीवर येऊन पोहोचते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पक्षी उपासमार सुरू झाल्यावर निघतो, असे नाही. तो आधीच निघतो. दिवस लहान होत चालल्याची जाणीव त्याच्या शरीराला होते. तो अधिक खाऊ लागतो आणि चरबीच्या रूपाने वाटेची शिदोरी अंगातच साठवतो. प्रवासी पक्ष्याला पिंजऱ्यात ठेवून भरपूर अन्न दिले, तरी प्रवासाचा हंगाम येताच तो रात्री अस्वस्थ होऊन फडफडू लागतो, असे शास्त्रज्ञांना आढळून आले आहे. सूर्य, तारे आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांच्या साहाय्याने पक्षी दिशा ओळखतात. परिटाचे वजन जेमतेम वीस ग्रॅम, म्हणजे रुपयाच्या पाच-सहा नाण्यांएवढे! एवढासा जीव पर्वत आणि मैदाने ओलांडून येतो.

याच दिवसांत दुसरा एक पाहुणा आपला निरोप घेत असतो. तो म्हणजे चातक. डोक्यावर तुरा असलेला हा काळापांढरा पक्षी पावसाच्या आगेमागे आफ्रिकेकडून येतो आणि पाऊस सरल्यावर परत जातो. तो स्वतःचे घरटे बांधत नाही; सातभाईंच्या घरट्यात अंडे घालतो. त्याच्या पिलाला वाढवणाऱ्या सातभाईंनी समुद्र पाहिलेलाही नसतो. तरीही वाट दाखवणारे कोणी नसताना ते पिलू मोठे होऊन योग्य वेळी योग्य दिशेने उडते. एक पाहुणा येतो आणि एक जातो. जणू एकाच धर्मशाळेच्या दाराशी दोघांची गाठ पडते.

ही माहिती माणसाला सहजासहजी मिळालेली नाही. पूर्वी युरोपातील लोकांना वाटे, की पाकोळ्या हिवाळ्यात तळ्याच्या चिखलात झोपून राहतात. पुढे 1822 साली जर्मनीत एक करकोचा सापडला. त्याच्या मानेत आफ्रिकेतील लोक वापरतात तसा बाण रुतलेला होता. हिवाळ्यात पक्षी कोठे जातात, याचा तो बोलका पुरावा ठरला. 1899 साली डेन्मार्कमधील एका शिक्षकाने पक्ष्यांच्या पायांत क्रमांक कोरलेली हलकी कडी अडकवण्याची पद्धत सुरू केली. तेव्हापासून एकेका पक्ष्याची ओळख पटू लागली. काही परीट दर वर्षी नेमक्या त्याच बागेत उतरतात, हेही त्यामुळेच समजले.

मुंबईच्या खेतवाडीत वाढलेल्या एका मुलाने लहानपणी छर्र्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. उचलून पाहतो, तो तिच्या गळ्यावर पिवळा डाग! ही कोणती चिमणी, हे घरात कोणालाच सांगता येईना. तेव्हा तो ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. 1883 साली स्थापन झालेल्या त्या संस्थेचे सचिव मिलार्ड यांनी त्याला हाकलले नाही. उलट पक्ष्यांचा मोठा संग्रह उघडून दाखवला. तो मुलगा म्हणजेच विख्यात पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली. पुढे त्यांनी भारतभर हिंडून पक्ष्यांचा अभ्यास केला आणि 1941 साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. ‘हा कोणता पक्षी?’ या एका प्रश्नातून केवढे कार्य उभे राहिले!

हा प्रश्न विचारण्यासाठी आपल्याला बंदूक नको, अरण्यही नको. सकाळची पंधरा मिनिटे, एक वही आणि शांतपणे उभे राहण्याची सवय एवढे पुरे. पक्षी दिसला, की आधी त्याचा आकार पाहावा: चिमणीएवढा, साळुंकीएवढा, की कावळ्याएवढा? मग चोच, शेपटी, रंग आणि चाल पाहावी. तारीख, वेळ व जागा लिहून ठेवावी. नाव ठाऊक नसले, तरी चित्र काढून ठेवावे. मात्र पाठलाग करू नये, खडा मारू नये, घरट्याजवळ जाऊ नये.

अशी वही दोन-चार वर्षे नीट ठेवली, तर तिची किंमत कळू लागते. पहिला परीट कोणत्या तारखेस आला, हे त्यात असते. आणि एखाद्या वर्षी तो का आला नाही, हेही तीच वही विचारू लागते. शहर वाढत असते. मोकळ्या हिरवळीवर फरशी बसते, पाणथळ जागेत भराव पडतो, खाडीकाठच्या चिखलावर घरे उभी राहतात. माणसाला जी जागा रिकामी वाटते, तीच हजारो मैलांवरून येणाऱ्या पक्ष्याचे भरलेले ताट असते. त्याला या बदलाची बातमी कोणी कळवलेली नसते. तो आपला गेल्या वर्षीच्या ठिकाणी विश्वासाने परत येतो आणि उतरायला जागा शोधतो.

म्हणून, मुलांनो, यंदा गणपतीचे मांडव उतरू लागले, की एकदा आपल्या मैदानाकडे आणि गच्चीकडे नीट पाहा. शेपटी हलवीत धावणारा तो लहानसा जीव दिसला, तर वहीत तारीख लिहा. पुढच्या वर्षी त्याच पानासमोर दुसरी तारीख लिहावयाची आहे. ते पान कोरे राहू नये, याची काळजी त्याच्या यजमानांनीच घ्यावयास हवी. आणि या शहरात त्याचे यजमान आपणच आहोत.