पिंजऱ्यातल्या पालीचं मूळ गाव

घरातल्या पालीला कधी डोळे मिचकावताना पाहिलंय? पाहिलं नसणारच, कारण तिला हलत्या पापण्याच नाहीत. डोळ्यावर कचरा बसला की ती जीभ बाहेर काढते आणि डोळा सरळ चाटून घेते. पण पालींचं एक घराणं असं आहे, की त्यातल्या पालींना चांगल्या उघडझाप करणाऱ्या पापण्या आहेत. झोपताना त्या आपल्यासारखे डोळे मिटतात. भिंतीवर मात्र त्यांना चढता येत नाही, बोटांखाली चिकटून राहायची सोयच नाही. जमिनीवर चालायचं, रात्री किडे टिपायचे, जाडजूड शेपटीत चरबी साठवायची आणि त्या पुंजीवर उपासाचे दिवस काढायचे, असा त्यांचा प्रपंच. यातल्याच अंगभर काळे ठिपके असणाऱ्यांना लेपर्ड गेको म्हणतात.

बालाघाटच्या डोंगररांगांत जसे माळ आहेत, मुरमाड, दगडगोट्यांचे, खुरट्या झुडपांचे, तशा रानात राहणारी त्यांची एक प्रजाती गुजरात-महाराष्ट्रात आहे. तिच्याकडे येऊच. आधी तिची पाकिस्तान-अफगाणिस्तानातली बहीण, युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचं संग्रहालय सांभाळणाऱ्या एडवर्ड ब्लाइथने १८५४ मध्ये तिचं वर्णन केलं. आज अमेरिका-युरोपात कुत्र्या-मांजरांसारखी ती घरोघर पाळली जाते, पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच वाढते. विकणारे तिला लेबलही लावतात: ही ‘शुद्ध’ मोंटॅनस, ती फॅसिओलॅटस, पलीकडची अफगाणिकस. या सगळ्या मॅक्युलॅरियसच्या उपप्रजाती म्हणून नोंदल्या गेलेल्या. किंमतही त्याप्रमाणे.

आता प्रश्न असा, की ते लेबल खरं की खोटं हे ओळखायचं कसं?

संग्रहालयातला माणूस मानेपासून शेपटीपर्यंतचे पट्टे मोजेल, बोटांखालचे खवले गुळगुळीत की खरबरीत ते भिंगातून बघेल. पण त्याआधी तो एकच गोष्ट विचारेल: सापडली कुठे? उपप्रजाती म्हणजे बहुतेक वेळा एका मुलखातला गट. मुलूख माहीत नसेल तर निम्मी ओळख तिथंच संपते. आणि पिंजऱ्यात सगळ्यात आधी हरवतो तो पत्ताच. एकाकडचा नर, दुसऱ्याकडची मादी, तिसऱ्याच्या घरी पिल्लं. त्यात या पालींच्या वेगवेगळ्या प्रजातींचाही आपसात संकर होतो!

बरं, रंगावरून ओळखावं तर रंगासारखा लबाड साक्षीदार नाही. पिल्लू जन्मतं तेव्हा अंगावर रुंद आडवे पट्टे असतात. वाढता वाढता ते विरतात, फुटतात आणि त्यांचे ठिपके होतात. अंडी थंडाव्यात उबवली तर पिल्लू जरा काळपट निघतं, म्हणजे रंग निव्वळ आईबापांकडून आलेला नाही. रंग राहू द्या, नर की मादी हेसुद्धा उबेवर ठरतं! २६ अंश सेल्सिअसला जवळपास सगळ्या माद्या. ३२-३३ अंशांना बहुसंख्य नर. आणखी तापवलं, ३४-३५ पर्यंत नेलं, की पुन्हा बहुतेक माद्याच. मुलगा की मुलगी हे अंड्याखालची माती ठरवते, यावर विश्वास बसायला मला तरी वेळ लागला.

पाळणाऱ्यांनी तर रंगांचा बाजारच मांडलाय. पिवळ्याधमक, बिनठिपक्यांच्या, पांढुरक्या. नुसत्या अल्बिनो म्हणाल तर तीन वंशावळी: ट्रेम्पर, बेल आणि रेनवॉटर. यातल्या दोन वेगळ्या वंशांच्या अल्बिनोंची जोडी लावा. पिल्लं कशी होतील? चक्क नेहमीच्या गडद रंगाची! एका घरात फ्यूज उडाल्याने अंधार, दुसऱ्या घरात वायर तुटल्याने. पिल्लाला एकीकडून धड वायर मिळते, दुसरीकडून धड फ्यूज, आणि दिवा लागतो. अंधार सारखा दिसला तरी बिघाड वेगवेगळ्या जनुकांतले होते.

मग एवढ्या नाना रंगांच्या पाली नाना मुलखांतून आल्या असतील, असं कुणालाही वाटेल. २०२२ मध्ये संशोधक ईशान अग्रवाल, वरद गिरी, अक्षय खांडेकर, उमा रामकृष्णन आणि त्यांच्या देशोदेशींच्या सहकाऱ्यांनी याचा छडा लावला. ३४ ठिकाणचे ४३ रानातले नमुने आणि पाळीव प्राण्यांच्या बाजारातले ४८, सगळ्यांचे डीएनए शेजारी शेजारी ठेवले. बाजारातल्या ३० मॅक्युलॅरियस तऱ्हेतऱ्हेच्या रूपांच्या होत्या, तरी सगळ्या एकाच प्रजातीच्या निघाल्या, त्याही तिच्या मोजक्याच, एकमेकींना अगदी जवळच्या शाखांतल्या. त्यातल्या १० तर कराचीजवळ रानात पकडलेल्या एका पालीशी तंतोतंत जुळल्या. बाकीच्यांचे सगेही पाकिस्तानच्या मध्य आणि दक्षिण भागातच सापडले. एवढी रंगपंचमी झाली ती मूठभर पालींच्या वारसांत, माणसाच्या चार-पाच दशकांच्या हौसेतून.

आणि खरा वेगळेपणा कुठे होता? साध्या, मळकट, रानातल्या पालींत. सुरुवातीला सांगितलेली आपल्या गुजरात-महाराष्ट्रातली फस्कस घ्या. तिला आधी मॅक्युलॅरियसचीच उपप्रजाती मानलं होतं. इंद्रनील दास यांनी १९९७ मध्ये तिला स्वतंत्र प्रजातीचा मान दिला. सातपुड्यातली पाल तर त्याहून उशिरा लक्षात आली. झीशान मिर्झा, राजेश सानप आणि मंडळींनी २०१४ मध्ये तिचं नाव सातपुराएन्सिस ठेवलं. दिसायला या बहिणी इतक्या सारख्या, की गावकऱ्याच्या लेखी सगळ्या एकच, आणि बऱ्याच ठिकाणी विषारीही! खरं तर कुठल्याच पालीला विष नसतं. तरी दगडाखालून निघाली की काठी पडतेच.

२०२२ च्या त्या अभ्यासात मान्यता असलेल्या प्रजाती होत्या ६. डीएनए मात्र १० असाव्यात असं सुचवत होता, आणि इराण, भारत, पाकिस्तान मिळून चार शाखा अशा निघाल्या, की ज्यांचं बहुधा अजून बारसंच झालेलं नव्हतं.