‘अध्यक्ष महाराज’ कशासाठी?

विधानसभेत सदस्य मंत्र्यांवर कितीही संतापला, तरी त्याच्या वाक्याची सुरुवात ‘अध्यक्ष महाराज’ अशीच होते. अनेकांना हा निव्वळ उपचार वाटतो. वस्तुतः वाद हातघाईवर येऊ न देण्याची ही जुनी आणि मोठी हुशारीची युक्ती आहे. बोलणे थेट प्रतिपक्षाला उद्देशून नसले, की ‘तू-तू मैं-मैं’ला वाव उरत नाही. ‘तुम्ही खोटे बोलता’ याचे ‘सन्माननीय मंत्र्यांनी दिलेली माहिती चुकीची आहे’ असे रूपांतर होते. आरोप तोच, पण मंत्र्यांना उत्तर देण्यास, प्रसंगी चूक मान्य करण्यासही जागा राहते.

लोकसभेच्या नियम ३४९ मध्येही सदस्याने अध्यक्षांनाच उद्देशून बोलावे आणि दुसऱ्याच्या भाषणात व्यत्यय आणू नये, असे बंधन आहे. असंसदीय शब्द नियम ३८० अन्वये कामकाजातून वगळले जातात. अर्थात, शब्दांच्या याद्यांनी सौजन्य येतेच असे नाही. २०२२ मध्ये अशा शब्दांचे नवे संकलन निघाले, तेव्हा त्यावरूनच वादंग माजले. कोणत्याही शब्दावर बंदी नसल्याचा खुलासा अध्यक्ष ओम बिर्ला यांना करावा लागला.

यादीपेक्षा विनोद अधिक उपयोगी पडतो. सत्तरच्या दशकात विरोधकांमागे अमेरिकेची गुप्तचर संस्था असल्याचे आरोप सर्रास होत. स्वतंत्र पक्षाच्या पिलू मोदी यांनी त्यावर निषेधाच्या घोषणा दिल्या नाहीत. ‘मी सीआयएचा हस्तक आहे’ असा फलक लावून ते सरळ सभागृहात आले.