पाटी धुराची, सवय मळण्याची

भेटीची वेळ चारची, पण बीड जिल्ह्यातल्या या सरकारी रुग्णालयाच्या दारात साडेतीनपासूनच नातेवाईक उभे असतात. हातात डबे, पाण्याच्या बाटल्या, चादरीची गाठोडी. पुरुषांच्या रांगेत सुरक्षारक्षक खिसे चाचपतो. "काय हाय खिशात?" "काही नाही, साहेब." मग शर्टाच्या खिशातून गायछापची पुडी निघते, बंडीच्या चोरखिशातून चुन्याची डबी, एखाद्या म्हाताऱ्याच्या टोपीच्या घडीतून बिड्या. सगळं प्लॅस्टिकच्या बादलीत पडतं. बादलीत वीतभर पाणी असतं. कोरडी पुडी ठेवली की मागचा कुणीतरी ती उचलून आत जातो, हे रक्षकाला आता पाठ झालं आहे. बायकांच्या रांगेतली बादली मात्र जवळजवळ रिकामीच. पिशवी उघडून बघता येते, पण कनवटीला हात कोण लावणार? मिसरीची डबी बिनबोभाट आत जाते.

बादलीच्या वर भिंतीवर पाटी आहे : धूम्रपान निषिद्ध क्षेत्र, येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे. या पाटीमागे मोठी लढाई आहे. मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2001 रोजी रुग्णालयं, शाळा, न्यायालयं, वाचनालयं अशा ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. 2003 साली तंबाखू नियंत्रणाचा केंद्रीय कायदा झाला आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून त्याचे कडक नियम देशभर लागू झाले. पाटी किमान 60 सेंटिमीटर बाय 30 सेंटिमीटरची हवी, इथवर तपशील नियमांत आहे. दंड 200 रुपयांपर्यंत. तीस खोल्यांच्या हॉटेलला किंवा विमानतळाला धूम्रपानासाठी वेगळी खोली ठेवता येते. रुग्णालयाला तीही सवलत नाही.

धुरापुरतं हे सगळं चोख आहे. इथल्या वॉर्डात बिडीचा वास खरोखरच येत नाही. येतो तो ओल्या तंबाखूचा.

2016-17 च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. त्यात धूर काढणारे होते फक्त 3.8 टक्के, आणि तोंडात ठेवणारे, चघळणारे किंवा दातांना लावणारे 24.4 टक्के. म्हणजे दारावरची पाटी बोलते ती सातांतल्या एखाद्याशी. बाकीच्यांचा तंबाखू धूर काढत नाही, म्हणून तो कायद्याच्या त्या कलमातही बसत नाही. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण साधी पुडी उघड विकली जाते.

पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात संध्याकाळी सिस्टर राउंडला निघतात. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दाखल झालेले एक आबा खाटेवरून उठून खिडकीशी गेलेले असतात. "आबा, बार भरला का?" आबा मान हलवतात, बोलत नाहीत, बोलायचं तर थुंकावं लागेल. खिडकीच्या कोपऱ्यातले तांबडे ओघळ वॉर्डातले मामा रोज घासतात, रोज ते नवे होतात. शेवटी आबा बोलतात, "पोट मारायला शिकलो सिस्टर याच्यावर. आता एका दिवसात कसं सुटंल?"

त्यांचा प्रश्न वैद्यकीयदृष्ट्या अगदी बरोबर आहे. निकोटिन तुटलं की पहिल्या चोवीस तासांत चिडचिड, बेचैनी सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सर्वांत जास्त असते आणि हळूहळू दोन ते चार आठवड्यांत ओसरते. नेमके तेच दिवस माणूस खाटेवर असतो. ज्याची पुडी बादलीत गेली, त्याला आतमध्ये तिच्या बदल्यात काहीच मिळत नाही. मग पोरगा रात्रीच्या डब्याखाली पुडी दडवून आणतो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ येतात. त्यांची तपासणी साधी असते : तीन बोटं उभी करून तोंडात घालून दाखवा. गुटखा आणि सुपारी वर्षानुवर्षं खाल्लेल्या तरुणांची दोन बोटंही जात नाहीत. गालाची आतली कातडी ताठर झालेली असते, आणि तेवढ्याशा फटीतून श्वासनलिकेत नळी घालणं हे भूलतज्ज्ञासाठी फार अवघड काम. पंचविशीतल्या पोराला अपेंडिक्सचं दुखणं, पण डॉक्टरांची काळजी त्याच्या तोंडाची.

बाळंतिणींच्या वॉर्डात कुणी तोंड तपासत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बाया दसऱ्यानंतर टोळीबरोबर निघतात, पहाटेच्या अंधारात फडात उतरतात आणि मिसरी लावल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही. तव्यावर काळा होईपर्यंत भाजून कुटलेला हा तंबाखू त्यांना व्यसन वाटतच नाही. तो दात घासण्याचाच भाग. "तंबाखू खाता का?" असं विचारलं की "नाही" येतं, आणि ते उत्तर खोटंही नसतं. "मिसरी लावता का?" असं वॉर्डातल्या मावशींनी हळूच विचारलं की कनवटीची डबी बाहेर येते. मुंबईतल्या 1217 गरोदर स्त्रियांच्या, 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूररहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरलं. त्या मातांमध्ये बहुतेकींची सवय मिसरीचीच होती.

नियम कर्मचाऱ्यांनाही तोच आहे. पण रात्रपाळीत पहाटे तीनला डोळे मिटायला लागले की कुणी जिन्याखाली तळहातावर पुडी मळतो, कुणी निवासी डॉक्टर फाटकाबाहेरच्या टपरीवर सिगारेट ओढून येतो. मामाच्या गालात बार असेल, तर तो पेशंटला काय सांगणार?

टपरी मात्र बेकायदा नाही. तंबाखू विक्रीला 100 यार्डांची बंदी आहे ती शैक्षणिक संस्थांभोवती. याच जिल्ह्यातल्या अंबाजोगाईत 1974 पासून स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणून तिथे ती हद्द लागू होते. नुसत्या रुग्णालयाला कायद्याने अशी हद्द आखून दिलेली नाही. शाळकरी मुलाला वाचवायचं सुचलं, तोंडाच्या कर्करोगाने खाटेवर पडलेल्याला वाचवायचं राहून गेलं.

समुपदेशनाची खोली आहे, पण तिथे पेशंट स्वतःहून जात नाही. त्याला कुणी तरी पाठवावं लागतं, आणि पाठवायचं तर आधी विचारावं लागतं. 2016-17 च्या त्याच तंबाखू सर्वेक्षणानुसार देशात वर्षभरात डॉक्टरकडे गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी 48.8 टक्क्यांना व्यसन सोडण्याचा सल्ला मिळाला होता. धूररहित तंबाखूवाल्यांपैकी फक्त 31.7 टक्क्यांना. पाटी जिथे चुकते, तिथेच डॉक्टरही चुकतात.

बादली राहू द्या. ती उपयोगी आहे. पण दारात घेतलेल्या पुडीची भरपाई आत व्हायला हवी. केसपेपरवर तंबाखूचा एक रकाना हवा, त्यात बिडी, पुडी, गुटखा, मिसरी असं नाव घेऊन विचारलेलं हवं. पहिल्या तीन दिवसांसाठी, डॉक्टरांना योग्य वाटेल त्याला, निकोटिनचा च्युइंग गम वॉर्डातच मिळायला हवा. मामा, मावशी आणि निवासी डॉक्टरांसाठीही तीच सोय हवी. आणि आपण भेटीला जाल तेव्हा डब्याखाली पुडी नेऊ नका. त्याऐवजी 1800-11-2356 हा नंबर लिहून न्या. व्यसनमुक्तीचा सल्ला देणारी ही राष्ट्रीय सेवा आहे आणि तिथे फोन करायला पैसे पडत नाहीत.