हिमप्रदेशातील दुसरे घर आणि हेमंत ऋतुचर्या

देश आणि काल यांचा विचार न करता दिलेला सल्ला अपुरा असतो, हे आपण सर्वजण विद्यार्थिदशेपासून शिकत आलो आहोत. तथापि रुग्ण दूरध्वनीवरून बोलत असला की देशाचा विचार हटकून मागे पडतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडून येणाऱ्या पृच्छांमध्ये आम्हाला अलीकडे एक नवा प्रकार आढळतो. सॅन फ्रान्सिस्को परिसरात नोकरी करणाऱ्या काहींनी सिएरा नेवाडा पर्वतातील टाहो सरोवराच्या परिसरात दुसरे घर घेतले आहे. हिवाळ्याच्या सुटीत ही मंडळी स्कीइंगसाठी तेथे जातात. इकडून गेलेले वृद्ध आई-वडीलही बरोबर असतात. त्यांची दिनचर्या काय असावी, अशी विचारणा होते. तिचे उत्तर पुण्या-नागपूरच्या थंडीवरून देता येणार नाही.

प्रदेशाचे स्वरूप

टाहो सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटर आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही ते घर उंचावर असते. तेथे प्राणवायूचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे चार पंचमांश भरतो. स्कीइंगच्या उतारांचे माथे तर ३,००० मीटरच्या आसपास पोहोचतात. याच परिसरात १९६० सालचे हिवाळी ऑलिंपिक सामने झाले. जवळच्या डोनर खिंडीतील बर्कली विद्यापीठाच्या हिम-संशोधन केंद्राने २०२२-२३ च्या हंगामात ७५४ इंच, म्हणजे १९ मीटरहून अधिक हिमवर्षाव नोंदविला. मार्च २०२४ च्या प्रारंभी आलेल्या हिमवादळात तेथील मुख्य महामार्ग बंद ठेवावा लागला होता. रुग्णालय नकाशावर जवळ दिसले, तरी अशा दिवशी ते जवळ नसते, हे वैद्याने ध्यानात ठेवावे.

अग्नी कोणाचा प्रदीप्त?

हेमंतात बाह्य शीतामुळे देहोष्मा आत कोंडला जाऊन जाठराग्नी प्रबळ होतो व तो गुरू आहार पचवू शकतो, असे चरकाचार्यांनी तस्याशितीय अध्यायात सांगितले आहे. परंतु हे वर्णन बलवान व्यक्तीचे आहे, हा विशेष आपण अनेकदा विसरतो. दिवसभर बर्फात स्कीइंग करणाऱ्या मुलाला उडीद, तीळ, तूप, डिंकाचे लाडू मानवतील. त्याचे सत्तरीचे वडील मात्र यंत्राने तापविलेल्या घरात खिडकीशी बसून असतात. त्यांना ना शीताचा स्पर्श, ना व्यायाम. शिवाय त्या तापलेल्या हवेतील आर्द्रता अत्यल्प असते. त्वचा फुटणे, नाक कोरडे पडून रक्त येणे, मलावष्टंभ, निद्रानाश ही रूक्षतेची लक्षणे त्यांच्यात आढळणे स्वाभाविक आहे. आमच्या मते अशांना स्निग्ध पण लघू, उष्ण व द्रवप्राय आहार द्यावा. मद्यापासून त्यांना दूर ठेवावे. मद्याने ऊब वाटते खरी, पण त्वचेवाटे देहोष्मा अधिक वेगाने निघून जातो.

स्वेद, धूपन आणि बंद घर

हेमंतात उष्ण भूमिगृह व गर्भगृहात राहावे, असा उपदेश आहे. तो वाचून कोणी बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी अथवा धूपन सुचवील, तर प्राणावर बेतेल. तेथील लाकडी घरे हवाबंद असतात आणि जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो, ना गंध. चरकाचार्यांनी जेंताक स्वेदाचे कूटागार अनेक वातायनांचे सांगितले आहे आणि लाकडे नीट जळून धूर निघून गेल्यावरच आत प्रवेश करण्यास सांगितले आहे, ही बाब येथे मननीय आहे. घर तापविणाऱ्या यंत्राची धूरनळी भिंतीतून बाहेर काढलेली असते. बर्फाच्या ढिगाने तिचे तोंड बुजले तरी हाच वायू घरात साठतो. घरातील सर्वांचे एकदम डोके दुखणे, मळमळणे, भोवळ येणे यास पित्तप्रकोप समजू नये. प्रथम सर्वांना बाहेर मोकळ्या हवेत आणून आपत्कालीन सेवेस बोलवावे.

अभ्यंग अवश्य करावा. मात्र तिळतेलाने माखलेले टॉवेल धुतल्यावरही कपडे वाळविण्याच्या यंत्रात घालू नयेत. उरलेले तेल उष्णतेने आपोआप पेट घेऊ शकते.

विशेष सावधगिरी

जीर्ण श्वासरोग, हृद्रोग व तीव्र पांडुरोग असलेल्यांनी हृद्रोगतज्ज्ञ वा फुप्फुसतज्ज्ञांच्या संमतीखेरीज या उंचीवर जाऊ नये. विदर्भातील वैद्यांनी सिकलसेलची विचारणा आवर्जून करावी. अशा रुग्णांना अधिक उंचीवर प्लीहेचा तीव्र शूल उद्भवू शकतो. दारातील बर्फ फावड्याने उपसणे हा वृद्धांसाठी व्यायाम नव्हे. थंडीतील त्या श्रमाने हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. मधुमेहात पायांची संवेदना मंदावलेली असल्यास हिमदाह कळत नाही. ताजा बर्फ सूर्याच्या अतिनील किरणांचा सुमारे ८० टक्के भाग परावर्तित करतो, म्हणून ढगाळ दिवशीही डोळ्यांवर काळा चष्मा हवा.

औषधी विक्रेत्यांसाठी

हे घर अनेक आठवडे रिकामे असते. जलवाहिन्या गोठून फुटू नयेत म्हणून कित्येक मालक पाणी काढून घर बंद करतात. अशा घरात ठेवलेली आसव-अरिष्टे गोठून काचेच्या बाटल्या तडकू शकतात. एकदा गोठलेले इन्सुलिन तर टाकूनच द्यावे लागते. ग्राहकास औषध देतानाच ते प्रवासात बरोबर न्यावे व परतताना बरोबर आणावे, असे सांगावे.

अखेरीस वैद्यबंधू-भगिनींना आमची विनंती अशी : परदेशातून विचारणा आली की औषधाचे नाव सांगण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. घर किती उंचीवर आहे? ते कशाने तापविले जाते? कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र चालू आहे काय? रस्ता बंद झाल्यास किती दिवसांचे औषध जवळ आहे? आणि रुग्ण दिवसाचा किती वेळ घराबाहेर असतो? या उत्तरांतूनच रुग्णाचा देश आणि काल आपल्यासमोर उभा राहील; पथ्य आणि औषध त्यानंतर.